पहिल्या खणावरची चिठ्ठी

मित्रांनो, त्या चपला जरा बाजूला सारा, म्हणजे माझं तोंड दिसेल. मी एक जुनी, खणाखणांची लाकडी कार्डपेटी आहे. आज माझ्या पोटात रद्दी आहे. पण नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या मदत केंद्रात माझा काय थाट होता म्हणून सांगू!

कुठे औषध फुकट मिळतं, कुठे निराधार बाईला आसरा मिळतो, सगळ्याची कार्डं माझ्यात होती. केंद्रातल्या सविताताईंनी ती संस्थांच्या नावांनी, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत लावलेली. पाहुणे म्हणायचे, "वा, काय शिस्त!" मीही फुगायची.

एकदा द्राक्षांच्या हंगामात पेठकडची भागीबाई आली. बागेत मजुरीला आलेली, कडेवर लहानगी स्नेहल.

"ताई, हाक मारली तरी पोर वळत नाय. कुठं दाखवू हिला?"

"कोणत्या संस्थेत जायचंय? नाव सांगा."

"नाव मला कुठलं ठाव?"

ताईंनी दोन-तीन खण उघडले, मिटले. "अशी सोय दिसत नाही हो आमच्याकडे."

भागीबाई पोरीला सावरत निघून गेली. अहो, सोय होती! माझ्याच पोटात होती! कानाला यंत्र देऊन बोलायला शिकवणाऱ्या शाळेचं कार्ड होतं. पण शाळेला देणगीदाराचं नाव, म्हणून कार्ड त्याच नावाखाली गेलेलं. पेटीला तोंड असून वाचा नाही, करते काय?

पुढे दुसऱ्याच कुणासाठी शोधताना ते कार्ड ताईंच्या हाती आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हंगाम संपत आलेला. बाई गावी गेली की पोर तशीच राहणार. ताई तडक मजुरांच्या नाक्यावर गेल्या. भागीबाई गाठोडं घेऊन पेठच्या गाडीची वाट बघत बसली होती.

"भागीबाई, चुकलं माझं. उठा, पोरीची सोय आहे!"

परत आल्यावर हे सगळं सांगता सांगता ताईंनी माझ्या खणांवरच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. नव्या चिठ्ठ्या लागल्या: 'घरात मारतात', 'राहायला जागा नाही', 'म्हाताऱ्याला कुणी नाही'. आणि पहिल्या खणावर भागीबाईचेच शब्द: 'हाक मारली तरी वळत नाही'. आता येणाऱ्याला ताई आधी विचारायच्या, "काय होतंय?" माझे खण दिवसभर खडखडायचे. किती छान दिवस होते ते!

पुढच्या हंगामात भागीबाई पुन्हा आली. कानाला यंत्र लावलेली स्नेहल माझ्या कड्यांशी खेळत होती. दारातून ताईंनी हाक मारली, "स्नेहल!"

आणि पोर वळली. भागीबाई पदराने डोळे पुसत हसली. मी लाकडाची, पण मलाही भरून आलं.

मग ताई निवृत्त झाल्या, कॉम्प्युटर आला आणि मी दाराशी आले. आत्ताच सटाण्याहून एक भिकनबाबा आले होते. कॉम्प्युटरपुढचा राकेश म्हणाला, "बाबा, संस्थेचं नाव सांगा." बाबांना ते कुठलं ठाऊक? टोपी सारखी करून ते पायरी उतरले.

मित्रांनो, मला पॉलिश नको, टेबलावरची जागाही नको. पहिल्या खणावरची चिठ्ठी अजून चिकटून आहे. राकेशला हाक मारा आणि तेवढी दाखवा, म्हणजे तोही आधी "काय होतंय?" विचारेल. बाबा अजून फार लांब गेले नसतील.