एक नंबर मोठा

"कौन सा नंबर?" असं दुकानदाराने विचारलं तेव्हा पंढरीनाथ "सहा" म्हणाला आणि खोकं घेऊन बाजूला झाला. विचार वगैरे त्याने केलाच नाही. त्याच्या घरात मुलांचे बूट-चपला कायम एक नंबर मोठे घ्यायचे. पाय वाढला तरी वर्षभर निघतं. ही त्याच्या आईची रीत, पुढे बायकोची, सुमनची झाली. मुलीचा, म्हणजे अनुश्रीचा पाय पाच नंबरचा आहे आणि दोन वर्षांत तो तसूभरही वाढलेला नाही, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.

बूट त्याच्या ओळखीचे होते. मिलच्या बास्केटबॉल टीममध्ये असताना तो असलेच घालून खेळायचा: पांढऱ्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे, जाड रबरी तळाचे. पुढे कंपनीने ते बनवणं बंद केलं. मग मिलही बंद पडली. आता पंढरीनाथ एका कोचिंग क्लासच्या दारावर वॉचमन म्हणून बसायचा. दरम्यान घरोघरी केबल आली, पोरं अमेरिकेतले सामने बघू लागली, आणि कंपनीला आपला जुना बूट आठवला. तोच बूट, तोच निळा पट्टा, खोकंसुद्धा तसंच. पण शहरात मोजकेच जोड आणि माणशी एकच. क्लासची पोरं आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती.

अनुश्रीला ते मिरवायला नको होते. रविवारी राज्याच्या ज्युनिअर टीमची निवड होती आणि तिच्या बुटाचा तळ अंगठ्याखाली फाटला होता. बाजारातले स्वस्त बूट सिमेंटच्या कोर्टावर घसरायचे, परदेशी बुटांकडे बघायची सोय नव्हती. हा बूट धरून ठेवतो, हे पंढरीनाथला स्वतःच्या पायांनी माहीत होतं.

म्हणून गुरुवारी पहाटे तो रांगेत लागला. पुढे कॉलेजची पोरं आणि सियागंज बाजारातल्या एका व्यापाऱ्याने रोजावर आणून उभी केलेली माणसं होती. मागे येऊन उभा राहिला तो मिलच्या टीममधला गजानन.

"पंढरी, तू पण?"

"पोरीसाठी. तू?"

"माझ्यासाठी."

"या वयात कुठं खेळशील, भिया?"

"खेळतंय कोण? घ्यायचाय."

पोरांच्या मापाचे आठ-नऊ नंबर बघता बघता संपले. पंढरीनाथला सहा मिळाला. त्याच्यामागे गजाननला शेवटचा जोड मिळाला, पाच नंबरचा. गजाननचा पाय नऊ नंबरचा, तरी तो खोकं छातीशी धरून खुशीत गेला.

घरी सुमनने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघितलं. "जागा आहे," ती समाधानाने म्हणाली. अनुश्री दोन फेऱ्या मारून आली. "एकदम फिट, बाबा."

शुक्रवारी संध्याकाळी तो सराव बघायला गेला. पोरगी धावत येऊन थांबली की बूट जमिनीवर राहायचा आणि टाच आत वर उचलायची. सराव संपल्यावर त्याने विचारलं, "मोजे किती घातलेस?"

"तीन."

"मग काल फिट काय म्हणालीस?"

"तुम्ही पहाटेपासून उभे होता. मी काय बोलणार होते?"

"घोटा मुरगळला म्हणजे?"

"चलेगा, बाबा. टेन्शन नका घेऊ."

शनिवारी दुकानात बदलून देणार नाही म्हणाले. सियागंजचा व्यापारी म्हणाला, "छह का दुगना दे दूँगा, बाबूजी. पाँच का तो एक भी नहीं आया अपने पास." पैसे पंढरीनाथच्या कामाचे नव्हते. गावात पाच नंबर कुणाकडे आहे ते त्याला ठाऊक होतं. पण एवढा वेळ उभं राहून मिळवलेली वस्तू माणसाकडे मागायची कोणत्या तोंडाने? तरी तो परदेशीपुऱ्यात गजाननच्या खोलीवर गेला.

बूट टीव्हीवर ठेवलेले होते, नाड्या ओवून.

"मिलचे बूट मिलचेच," गजानन म्हणाला. "सामना संपला की कपाटात. जिंकून आलो तरी घरी जायचं चपला फटकारत. मग त्या कपाटालाच सील लागलं. म्हटलं, आपला म्हणून एक जोड असावा."

पंढरीनाथने सगळं सांगितलं आणि खोकं पुढे सरकवलं. "तुला पाच काय नि सहा काय, सारखंच."

"सारखं कसं?" गजाननने बुटाची जीभ उलटून दाखवली. आत निळ्या शाईत सात लिहिला होता. टीममध्ये असताना बूट आपसांत बदलू नयेत म्हणून प्रत्येक जण बनियनवरचा आपला आकडा असाच लिहायचा. "कालच लिहिला."

पंढरीनाथने खोकं उचलून काखेत घेतलं. "राहू दे मग. माझीच चूक होती." तो उठला.

"बैस रे. पोरीचा आकडा काय?"

"बारा."

गजाननने बुटांच्या नाड्या ओढून सारख्या केल्या. मग ते उचलून त्याने पंढरीनाथच्या मांडीवर ठेवले. "सात खोडू नको म्हणावं तिला. बस, तेवढंच."

"नाही खोडणार."

सहा नंबरचं खोकं उघडून गजाननने रबराचा वास घेतला आणि खिशातलं पेन काढलं. "यात तुझा लिही."

"तुझ्या बुटात माझा?"

"माझा एकदा लिहून झालाय."

पंढरीनाथने दोन्ही जिभांच्या आत आपला चार लिहिला.

रविवारी गजाननही कोर्टावर आला आणि कुंपणाच्या जाळीपाशी त्याच्या शेजारी उभा राहिला. अनुश्रीला चेंडू मिळाला. दोघींना चुकवून ती आत घुसली, एकदम थांबली आणि उडाली. सगळ्यांच्या माना वर गेल्या. हे दोघे तिच्या टाचांकडे बघत होते. ती खाली उतरली. टाच बुटातून जराही उचलली नाही.

"बसलाय," गजानन म्हणाला.

पंढरीनाथने डोळे पुसले. "बॉल गेला का आत?"

"बघितलंय कुणी?"