समजा, पेटी उघडली

मित्रांनो, रुग्णालयाच्या जळीत विभागात, दाराशेजारी भिंतीला पाठ लावून बसलेली लाल लोखंडी पेटी म्हणजे मी. माझ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'एकाच वेळी अनेक भाजलेले रुग्ण आल्यास उघडावी'. माझ्या नशिबी एवढं एकच काम होतं. अकरा वर्षांत ते करायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हाच मी तोंडघशी पडले.

मला घडवणारा कारागीर मोठा हौशी होता. कोणाला खरचटू नये म्हणून त्याने माझे कोपरे घासून गोल केले. इथे आले तेव्हा मोठ्या सिस्टरनी माझ्या पोटात सलाईनच्या चाळीस बाटल्या, मलमाच्या नळ्या, हातमोजे आणि जखमेला न चिकटणाऱ्या निर्जंतुक जाळीची पाकिटं अशी निगुतीने रचली की माझा ऊर भरून आला. मग कडीतून तार ओवून तिच्यावर शिशाचं सील दाबलं. ते तोडायचं तर तीन सह्या लागत. सामानाला पाय फुटू नयेत, हा त्यामागचा हेतू काही वाईट नव्हता.

दर वर्षी सराव होई. भोंगा वाजला की सगळे धावत येत, खाटा सरकवत. मोठ्या सिस्टर माझ्या झाकणावर हात ठेवून खड्या आवाजात म्हणत, "समजा, पेटी उघडली." की झालं, सगळे पुढच्या कामाला लागत. तपासणीचे साहेब वाकून बघत आणि कागदावर लिहीत, 'सील शाबूत'. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

हे पटत नसे ते एकट्या ड्रेसरमामांना. जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात त्यांची हयात गेलेली. नव्या परिचारिकांना ते बजावत, "हात भाजला असेल तर मधे जाळी घालून प्रत्येक बोट वेगळं बांधायचं. नाहीतर बोटं एकमेकांना चिकटतात, मग जन्मभर सुटत नाहीत." एका सरावाला ते म्हणाले, "सिस्टर, एकदा खरंच उघडून बघू या की."

"तीन सह्या तुम्ही आणता का, मामा?" सिस्टर हसून म्हणाल्या. "सील तुटलेलं दिसलं तर उत्तर मलाच द्यावं लागतं."

मामाही हसले आणि खाटा जागेवर लावू लागले. मी मनातून सिस्टरांच्याच बाजूने होते. फरशी धुतली की पाणी माझ्या तळाच्या सांध्यातून आत झिरपतं, हे मला ठाऊक असूनही.

मग एका दुपारी मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. अर्ध्या तासात सतरा माणसं आली. त्यांचं विव्हळणं मला अजून ऐकू येतं. सिस्टरनी सह्यांची वाट न बघता कात्रीने तार तोडली. झाकण उघडताच कुबट वास सुटला. जाळीच्या पाकिटांना बुरशी लागली होती. हातमोजे ओढताच फाटत होते, मलम नळीतच वाळून खडखडीत झालं होतं, आणि सलाईनची मुदत संपून दोन वर्षं उलटली होती. सिस्टर ताडकन मागे वळल्या. "प्रत्येक वॉर्डात जा, मिळेल ते आणा," त्या म्हणाल्या.

त्या सतरा जणांत ड्रेसरमामांची लेक होती. ती कारखान्यात वाती ओवायची. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते, पण ती शुद्धीवर होती. ज्यांच्या जिवाला धोका जास्त ते आधी, असा डॉक्टरांनी क्रम लावला. लेकीचा नंबर तेरावा लागला. तिचे हात नळाखाली धरायला एका मावशींना सांगून मामा पहिल्या रुग्णाकडे वळले. एकदाही त्यांनी मागे बघितलं नाही.

वॉर्डावॉर्डांतून आणलेली जाळी बाराव्या रुग्णाला संपली. मामा रिकामा ट्रे घेऊन माझ्यापाशी आले आणि एकेक पाकीट उलटंपालटं करू लागले. "एक तरी कोरडं असू दे," ते पुटपुटत होते. एकही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी स्वच्छ चादर फाडली. नुसतं कापड बोटांमध्ये घातलं तर जखमेला चिकटणार, म्हणून हात वरूनच सैलसर गुंडाळायचे होते.

"बाबा, बोटं वेगळी बांधताय ना?" लेकीने विचारलं. लहानपणापासून तिने घरात तेच ऐकलेलं.

"बांधतो हं, बाळा. जाळी आली की बांधतो," मामा म्हणाले.

जाळी दुसऱ्या गावाहून आली ती चौथ्या दिवशी. तोवर चार जण गेले होते, आणि लेकीची बोटं एकमेकांना धरून बसली होती.

पुढे चौकशी झाली. सिस्टरांची बदली झाली, मला नवा रंग लागला, नवं सामान आलं. साहेबांनी टाळ्यांच्या गजरात माझ्यावर नवं सील दाबलं. मामा त्या कार्यक्रमाला आले नाहीत. मागच्या महिन्यात पुन्हा सराव झाला. नव्या सिस्टरनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "समजा, पेटी उघडली." मी आतल्या आत आक्रोश केला. पण लोखंडाचं कोण ऐकतं? तळाचा सांधा अजून तसाच आहे. कोणी मला उलटं करून बघितलंच नाही.

मामांची लेक बोटांच्या व्यायामाला इथे येते. परवा ती माझ्यासमोर थांबली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती वाकली आणि सीलची तार धरू लागली. चिमूट होईना. तिने दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा धरून बघितलं, तार निसटतच राहिली. पावलं वाजली तशी ती उठून निघून गेली.

मित्रांनो, तिची बोटं वळत नाहीत. तुमची वळतात ना? मग कोणी तरी या आणि मला उघडून बघा.