काकांना न कळणारे शब्द

लांडग्यांचा अभ्यास करायला तामिळनाडूहून एक मॅडम साखऱ्याच्या माळावर आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. म्हणून कॉलेजात शिकणारी राधिका त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून फिरत होती. या कामासाठी तिनं मोबाईलवरून इंग्रजी शब्द पाठ केले होते. झुडपांचे, गवतांचे, पायखुणांचे, अगदी लेंड्यांचेसुद्धा.

त्या दिवशी मॅडमना तिच्या काकांशीच बोलायचं होतं. प्रभूकाका मेंढरं राखायचे. लांडग्यानं नुकतीच त्यांची दोन कोकरं नेली होती. त्यातलं एक आईविना वाढलेलं, काकांनी बाटलीनं दूध पाजलेलं. सकाळी जेवताना ते म्हणाले होते, "नाल्याच्या दरडीत बीळ सापडलं. मादी बाहेर गेल्ती, पिल्लं आत हायत. बिळाच्या तोंडात बोरीच्या काट्या ठासून आलो. सांजच्याला तुराट्या पेटवून देतो." राधिकाचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला होता.

आता ऊन कललं होतं. काका घोंगडीवर बसले होते, शेजारी कुऱ्हाड आणि तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा भारा. जवळपास लांडग्याचं बीळ आहे का, असं मॅडमनी विचारलं. राधिकानं ते मराठीत सांगितलं.

काकांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "न्हाई म्हणून सांग. आमी औंदा लांडगा पाह्यलाच न्हाई."

लांडग्याची पिल्लं मारणं गुन्हा होता, मॅडमना खरं कळलं तर काकांवर केस होईल. गप्प राहिलं तर पिल्लं होरपळतील, आणि ती बघत बसेल.

बोलायचं तर काकांच्या समोरच, म्हणजे शब्द जपून वापरायला हवे होते. दोन-तीन दिवस ऐकून 'वुल्फ' काकांना पाठ झाला होता. 'फायर' म्हटलं तर हिंगोलीची फायर ब्रिगेड त्यांनी पाहिलेली. 'इव्हिनिंग' तर सगळ्यांनाच कळतं. तिनं नजर जमिनीवर ठेवली आणि रोजच्याच आवाजात इंग्रजीत सांगितलं, दरडीत लिटर आहे, तोंड थॉर्न्सनी बंद केलंय, डस्कला ते बर्न करणार आहेत.

"लिटर?" काका म्हणाले. "लिटरचं काय सांगून राहिली?"

एका वेताच्या पिल्लांना इंग्रजीत लिटर म्हणतात. पण काकांना आठवलं ते दुधाचं माप.

"दूध... मेंढी दूध किती देती, ते सांगितलं."

"मी कवा बोललो दुधाचं?"

मॅडम ताडकन उठल्या होत्या आणि नाल्याकडं बघत होत्या. काकांनी ते पाहिलं आणि तेही उठले.

"राधे, काय बोलली तू?"

आणखी खोटं तिला सुचेना. "बीळ सांगितलं, काका. काट्या सांगितल्या. समदं सांगितलं."

काकांचा हात वर गेला आणि तसाच थांबला. "माह्या तोंडावर? मला कळत न्हाई म्हणून?"

"कोकरू गेलं तवा मी बी रडले, काका. पण त्या पिल्लांनी काय केलं तुमचं?"

मॅडम हळू आवाजात काही बोलल्या. राधिकानं सांगितलं, "तुमी काट्या काढल्या तर त्या कुणालाच कळवणार न्हाईत. माणूस येऊन गेल्याचं कळलं की मादी सोताच पिल्लं उचलून दुसरीकडं नेती म्हणतात."

"हे तिचं बोलणं, का तुझं?"

"त्यांचंच. तुमची शपथ."

काकांनी कुऱ्हाड उचलली आणि नाल्याची वाट धरली. ते काय करणार, हे राधिकाला कळेना. ती आणि मॅडम मागोमाग पळत निघाल्या.

दरडीच्या वर, झुडपांच्या आड मादी उभी होती. काकांना पाहूनही ती हलली नाही. बिळातून बारीक कुंई कुंई येत होती. काका कुऱ्हाड घट्ट धरून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर बसले आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं काट्या ओढू लागले. शेवटची फांदी आत अडकली होती. ते पालथे पडले आणि हात घालून त्यांनी ती उपसली. कोपरापर्यंत रक्त निघालं होतं.

"काका, हात..." राधिका पुढं झाली. त्यांनी तिला बाजूला सारलं.

तिघंही लांब जाऊन थांबली. मादी दरड उतरली आणि बिळात शिरली.

दोन दिवसांनी बीळ रिकामं होतं. मॅडमनी कुणाला कळवलं नाही. काका मेंढरं पलीकडच्या माळावर नेऊ लागले. राधिकाशी मात्र ते बोलेनात.

काम संपल्यावर मॅडम निरोप घ्यायला घरी आल्या. काकांना त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं. राधिका पुढं आली, तसे ते ओट्यावरून उतरले आणि शेजारच्या सादिकला हाक मारून घेऊन आले. सादिक बकऱ्यांचा व्यापार करायचा, त्याला हिंदी येत होतं. काका त्याला सांगत होते, तो मॅडमना हिंदीत सांगत होता. मॅडमना निम्मंही कळत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा राधिकाकडं बघत होत्या.

राधिका चहा ठेवायला आत गेली.