बोटाला टेकलेला तामडा

मी एक जुना तामडा, म्हणजे गार्नेटचा खडा, आहे. रंगाने माणकासारखा लाल, पण माणकाचा मान मला कधी मिळाला नाही. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही, कारण जग मात्र मीच जास्त पाहिले.

माझा जन्म गोदावरीच्या खालच्या अंगाला, एका टेकडीत झाला. तिथून व्यापाऱ्याच्या थैलीत बसून, जहाजे बदलत, तांबडा समुद्र ओलांडून मी थेट ऱ्हाइनकाठच्या सोनाराकडे पोहोचलो. तिकडच्या राण्यांना तेव्हा आमचे भारी वेड! सोनाराने मला नखासारखे पातळ केले. एका सोन्याच्या ब्रोचच्या मधल्या घरात आधी बारीक चौकटी ठसवलेला सोन्याचा वर्ख ठेवला, त्यावर मला बसवले, भोवतीच्या घरांत तशीच माझी भावंडे बसवली आणि पाठ बंद केली. मित्रांनो, उजेड माझ्यातून आत शिरे, वर्खावरून उलटा फिरे आणि मी निखाऱ्यासारखा फुले. सगळे माझे कौतुक करत. वर्ख कुणाला दिसतच नसे.

पुढे मालकिणीबरोबर मलाही पुरले. कित्येक शतकांनी नांगराला लागून वर आलो आणि एका जर्मन बाईच्या कपाटात पडलो. तिच्याकडे भाड्याने राहणारी सुनेत्रा घर सोडून निघाली, तेव्हा तिने तिला तो ब्रोच प्रेमाने दिला. असा मी सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये आलो. सुनेत्राची लेक गार्गी शाळेतून आली की ब्रोच खिडकीशी धरी आणि सिंगापुरी ढंगात ओरडे, "आई, लाइट ऑन झाला लाह!" ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग गार्गीच्या बाबांच्या, म्हणजे रवींद्रच्या, एम्प्लॉयमेंट पासचे रिन्यूअल अडकले. तो जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. पास गेला तर बिऱ्हाड उचलून पुण्याला जायचे. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. त्याची आई सविताताई इथेच राहायला आल्या होत्या. त्यांनी पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी राहूची पीडा सांगितली. गोमेद घाला, पण मागून उघडा, बोटाला टेकला पाहिजे.

"विकत कशाला आणायचा? गोमेद काय, तामडा काय, एकाच गोत्रातले," सविताताई म्हणाल्या.

"आई, तो ब्रोच फार जुना आहे हो," सुनेत्रा म्हणाली.

"पास आला की परत बसवू ना," रवींद्र म्हणाला. बिचाऱ्याला अन्न गोड लागत नव्हते. मला त्याचा राग येत नाही.

इथल्या एका सोनाराने मला ब्रोचमधून उचकटले. वर्खाचा चुरा झाला. त्याने तो ब्रशने झटकून भुकटीच्या डबीत टाकला. पाठ उघडी टाकलेल्या अंगठीत, रवींद्रच्या बोटाला टेकून, मी काळा ठिक्कर पडलो.

आणि पास आला!

"बघ, कसा काळवंडलाय! सगळी पीडा ओढून घेतली रे याने," सविताताईंचे डोळे भरून आले.

"नो लाह, आजी. त्याचा लाइट गेला," गार्गी म्हणाली. पेढे वाटण्याच्या गडबडीत तिचे बोलणे विरून गेले.

ब्रोच शोकेसमध्ये आहे. माझी भावंडे तिथे अजून फुलतात, मधले घर रिकामे आहे. मला परत बसवायचा विषय आता कुणी काढत नाही. पीडा ओढलेला दगड घरच्या दागिन्यात कोण बसवणार?

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर उचकटण्याआधी तिला पुढून-मागून नीट पाहा, एवढीच माझी विनंती आहे. मी रवींद्रच्या बोटातच आहे, सविताताई मला रोज हात जोडतात. खिडकीशी मात्र मला आता कुणीच धरत नाही.