जाळीतून येणारी ऊब

ड्रायर बंद पडला तो सोमवारी, आणि तोही अर्ध्यात. आत तीन चादरी, दोन झगे आणि रजईची खोळ, सगळं ओलंचिंब. सुनेने बटण दाबून पाहिलं, दार आपटलं, पाठीत दोन धपाटे घातले. यंत्राने एकदा हुं केलं आणि कायमचं तोंड मिटलं. वर जाताजाता भिंतीतला प्लगही जाळून गेलं. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे ड्रायर जाणं म्हणजे काय, हे दिवसातून तीनदा चादरी बदलणाऱ्यालाच कळतं. बाकीच्यांनी हळहळावं आणि बाजूला व्हावं.

सासूबाई दोन वर्षं पलंगावर होत्या. डावं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत, आणि थंडी बारा महिने हाडांत. नवरा जहाजावर, सहा महिने पाण्यात अन् दोन महिने घरात. तेव्हा घरात माणसं तीनच: सासूबाई, दिवसभर त्यांची उस्तवार करणारे सासरे, आणि सून. ती नऊ ते पाच एका चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसायची. काचा घासायच्या, दांड्या बसवायच्या, खसखशीएवढे स्क्रू पिळायचे.

सासऱ्यांनी रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली होती. पिंपातला रंग बिघडतोय हे यंत्राच्या आधी त्यांच्या नाकाला कळायचं, असं ते स्वतः सांगत, आणि इतरही सांगत, म्हणजे खरं असावं. तिथे त्यांना ‘नाकवाले’च म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांची सगळी कर्तबगारी घरावर उतरली. नळ, कड्या, बिजागऱ्या, कोणाचीही सुटका झाली नाही.

त्यातली सगळ्यात लाडकी करामत ड्रायरच्या मागे होती. ड्रायर स्वयंपाकघरामागच्या बोळात, आणि भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली. ड्रायरचा गरम वारा पाइपातून घराबाहेर जायचा. एवढी ऊब फुकट रस्त्याला वाटायची, हे सासऱ्यांना काही बघवेना. त्यांनी पाइपाला फाटा काढला, भिंतीला भोक पाडलं, पलंगाच्या उशाशी जाळी बसवली आणि कपड्यांतून उडणारे तंतू अडवायला जाळीवर जुना मोजा ताणला. फाट्यावर पत्र्याची एक झडप. उन्हाळ्यात झडप खाली, वारा बाहेर. थंडी पडली की झडप वर, वारा आत. नऊ वर्षं हे चाललं होतं. भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, पण खोली साबणाच्या वासाने उबदार राहायची. यंत्र सुरू झालं की सासूबाई जाळीकडे तोंड करून म्हणायच्या, “आली बाई माझी ऊब.” जुना ड्रायर विजेवरचा होता, त्याच्या वाऱ्यात वाफेशिवाय काही नव्हतं, म्हणून हे सगळं खपून गेलं.

मंगळवारी वायरमन आला, जळका प्लग हुंगला आणि सांगून गेला की घरातल्या वायरी जुन्या झाल्या, यापुढे मोठा भार टाकाल तर घर पेटवून घ्याल. म्हणजे विजेवरचा तसा ड्रायर बाद. हीटरही बाद. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं.

बुधवारी सून अर्धी सुट्टी टाकून सासऱ्यांना घेऊन दुकानात गेली. सासूबाईंपाशी शेजारीण बसली. दुकानात एक पोक्त बाई होत्या, गळ्यात साखळीला चष्मा, आणि बोलणं मोजूनमापून. त्यांनी दोन ड्रायर दाखवले. पहिला बिनपाइपचा: वीज थोडी खातो, पाणी टाकीत जमवतो, पण एका खेपेला तीन तास. दुसरा गॅसवरचा: स्वयंपाकघरातल्या गॅसलाच जोडायचा, चाळीस मिनिटांत कपडे हातात.

तीन तास म्हटल्यावर सुनेने बोटांवर हिशेब केला. दिवसाच्या तीन खेपा, नऊ तास. ती कामावरून येईपर्यंत निम्म्या चादरी ओल्याच असणार. सासऱ्यांचं दुखणं वेगळं होतं. बिनपाइपचा म्हणजे पाइप नाही, पाइप नाही म्हणजे जाळी कोरडी ठणठणीत. त्यांनी त्या यंत्राकडे पाठच फिरवली आणि गॅसवाल्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“एक गोष्ट आधी सांगते,” बाई म्हणाल्या. “याचा पाइप थेट घराबाहेर गेला पाहिजे. मध्ये फाटा नको, भोक नको. गॅस गळला तर वास येतो, माणूस सावध होतो. पण जळलेल्या गॅसमधून जे विष निघतं, त्याला वास नसतो. खोलीत साठलं तर डोकं दुखतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. तुमचा पाइप कसा आहे?”

“बाहेरच जातो,” सासरे म्हणाले. “नऊ वर्षं जातोय.”

सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं, घरी गेल्यावर बोलू, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. झडपेचं नाव काढलं असतं तर बाईंनी ते यंत्र विकलंच नसतं, आणि तिला ती चाळीस मिनिटं हवी होती. इतकी हवी होती की तिने मूग गिळले. निघताना मात्र तिने एक धोक्याचा भोंगा घेतला. हाताच्या पंजाएवढी पांढरी डबी, दोन सेलवर चालणारी; हवेत ते विष आलं की बोंबलायचं, एवढंच तिचं काम. सासरे वाटभर बडबडत होते. वास नाही म्हणे. ज्याला वास नाही ते नसतंच. बत्तीस वर्षं नाकावर काढली, आता साखळीचा चष्मा घातलेली बाई आपल्याला शिकवणार.

घरी आल्यावर सुनेने आडपडदा न ठेवता सांगितलं, झडप कायमची बंद करा, नाहीतर मी हे यंत्र परत पाठवते. सासरे आधी चिडले, मग रुसले, आणि शेवटी तिच्यासमोरच झडप खाली ओढून पत्र्यातून एक स्क्रू पिळला. स्क्रू नवा होता, काळ्या रंगाचा. यंत्र जोडायला आलेल्या फिटरने बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाला हात लावला, वारा येतोय म्हणाला आणि सही घेऊन गेला. भोंगा सासूबाईंच्या पलंगाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला लागला. सुनेचा जीव भांड्यात पडला.

पहिला आठवडा सुखाचा गेला. चादरी चाळीस मिनिटांत, कडकडीत, घडी घालताना हाताला गरम. मग थंडी पडली.

भिंतीपलीकडे यंत्र घुमायचं आणि जाळीतून काहीच यायचं नाही. सासूबाईंना कारण सांगितलं, दोनदा, तीनदा. त्यांना पटायचं आणि तासाभराने त्या पुन्हा विचारायच्या, माझी ऊब कुठे गेली. दोन रजया झाल्या, रबरी पिशवीत गरम पाणी झालं. पण चालत्याफिरत्या माणसाची थंडी आणि पडून असलेल्याची थंडी यांत फरक असतो. दुपारी त्या रडायला लागल्या, आवाज न करता, आणि ते रडणं बघायला घरात एकच माणूस असायचं. सासऱ्यांना जगात कोणाचं काही वाटत नसेल, पण हिच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं.

सून रोज साडेपाचला घरी यायची आणि चप्पल काढायच्या आधी बोळात जायची. पाइपामागे हात घालायची. झडप खाली, स्क्रू घट्ट. मग चहा.

एका संध्याकाळी भोंगा भिंतीवर नव्हता. खिडकीत पडला होता, पोट उघडं, सेल बाजूला.

“उगाच ओरडत होता,” सासरे म्हणाले. “हिचा नुकता डोळा लागलेला, आणि हा बोंबलायला लागला. मी इथेच होतो, चांगलं हुंगून बघितलं. काहीही नाही.”

सुनेने धावत जाऊन झडप पाहिली. खाली होती. स्क्रू घट्ट होता. मग ओरडला तो कशावर? स्वस्तातला माल, सासरे म्हणाले, असाच असतो. तिने सेल परत घातले, भोंगा खिळ्याला लावला, तो गप्प राहिला. शनिवारी दुकानात नेऊन बदलून आणायचा, तिने ठरवलं. माणसाला नेहमी शनिवार दिसतो.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. तिला कळलं नाही, कारण ती रोज तपासत होती. रोज तपासणाऱ्याला वाटतं की आपलं लक्ष आहे. ती साडेपाचला तपासायची, आणि सासरे पाचला झडप, स्क्रू, भोंग्याचे सेल सगळं जागच्या जागी ठेवायचे. ते काही खुळे नव्हते. त्यांनी आधी दहा मिनिटं झडप वर करून पाहिली, स्वतः जाळीशी नाक लावून बसले. मग वीस मिनिटं. मग एक अख्खी खेप. सासूबाईंना एवढंच सांगितलं, सुनेला बोलू नकोस. नाकाला काही लागलं नाही, आणि नाकाने त्यांना आयुष्यात कधी दगा दिला नव्हता.

घरात दोन गोष्टी बदलल्या होत्या. सासूबाईंची थंडीची तक्रार थांबली होती. दुपारी छान झोप लागते म्हणायच्या, उठल्यावर डोकं तेवढं जड. आणि सासऱ्यांचंही डोकं ठणकायचं, पण ते म्हणायचे की सुनेचा चहा हल्ली पाणचट होतो. ती हसली होती त्यावर. चहा पावडर जास्त घालायला लागली होती.

गुरुवारी सकाळी निघताना तिने बोळातला दिवा लावला आणि झडपेला हात लावला. खाली होती. काळ्या स्क्रूच्या डोक्यावर काहीतरी चकाकलं. उशीर होत होता, ती निघाली.

दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात एक मास्तर चष्मा घेऊन आले. दांडी ढिली. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, हा स्क्रू कोणी उघडलाय का? मास्तर ओशाळले. रोज सुटतो, रोज मीच पिळतो, म्हणाले, भाजीच्या सुरीने. स्क्रूच्या डोक्यावरची चीर कुरतडलेली होती, वरचा रंग उडून आतलं पोलाद उघडं पडलं होतं. एकदा पिळलेला स्क्रू असा दिसत नाही. हे तिला दहा वर्षं माहीत होतं. तिला सकाळी चकाकलेला तो काळा स्क्रू आठवला आणि तिने भिंग खाली ठेवलं.

तिने घरी फोन लावला. सासरे दुसऱ्या घंटीला उचलायचे, सासूबाई जाग्या होऊ नयेत म्हणून. फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगा, असं मालकाला ओरडून ती तशीच पळाली. वाटेत तिला एकच गोष्ट आठवत होती, दुकानातल्या त्या बाईंचा प्रश्न आणि आपलं मिटलेलं तोंड.

दाराबाहेरूनच यंत्राची घरघर ऐकू आली. तिने बोळात जाऊन ते बंद केलं. झडप वर होती, स्क्रूचं भोक रिकामं. नाकावर पदर धरून ती खोलीत शिरली आणि खिडकीची दोन्ही दारं धाडकन उघडली. खोलीत मस्त ऊब होती. साबणाचा मंद वास होता. दुसरा कसलाही वास नव्हता.

सासरे दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. एका मुठीत काळा स्क्रू, मांडीवर भोंग्याचे सेल. तिने त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी डोळे उघडले, पण ते तिच्यावर ठरेनात.

“बाबा, उठा. बाहेर चला.”

“खिडकी लाव,” ते जड जिभेने म्हणाले. “वारा लागेल तिला. हुंग बरं तू... येतोय का वास? नाही ना?”

ती पलंगाकडे वळली. सासूबाई जाळीकडे तोंड करून झोपल्या होत्या, गालांवर कधी नव्हे ती लाली. तिने त्यांचा हात धरला. हात गरम होता. त्या खोलीत सगळंच गरम होतं. तिने रजई बाजूला केली आणि छातीवर कान ठेवला. खूप वेळ ठेवला.

“हळू,” मागून सासरे म्हणाले. “उठवू नकोस. आत्ता कुठे झोप लागलीये तिला.”