टीपेच्या रकान्यातलं गाव

खूण मीच काढून टाकली. वरून हुकूम आला नव्हता, की कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी आमच्या हान्योंग जिल्हा ग्रंथालयात नवी संगणक यंत्रणा आली. वाचकानं शोधाच्या चौकटीत शब्द टाकला, तर तो नोंदीतल्या कुठल्या रकान्यात शोधायचा, हे ठरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. रकाने म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, प्रकाशक आणि सगळ्यात खाली टीप. ज्याच्यापुढे मी खूण करीन तिथे यंत्र बघणार, बाकीकडे ढुंकूनही नाही. आता टीप म्हणजे आमच्याकडची अडगळीची खोली. माझ्या आधीचे नोंदणीकार मा साहेब पुस्तक कुणी दिलं तेसुद्धा टीपेत लिहायचे. 'हान्योंग तलाव महिला मंडळाकडून भेट.' अशी तीन हजार पुस्तकं! कुणी 'हान्योंग तलाव' टाकलं की किमचीच्या पाककृती, विणकाम, प्रेमकथा, सगळा बाजार पडद्यावर उभा. लोकांच्या शिव्या कोण खाणार? प्यो मी-रान, म्हणजे मी. म्हणून टीपेपुढची खूण काढून टाकली. ब्योन साहेबांनी, आमच्या ग्रंथपालांनी, तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

गेल्या फेब्रुवारीत एक म्हातारी थेट आतल्या खोलीत शिरली. ऐंशीला टेकलेली, हातात काठी, डोक्यावर जांभळी लोकरी टोपी.

"आत बसणारी ती तूच ना?" तिनं विचारलं. "बाहेरच्या बायकांनी मला तीनदा 'नाही' म्हणून वाटेला लावलं. आता तूही म्हण, म्हणजे मी मरायला मोकळी."

"कशाला नाही म्हणाल्या, आजी?"

"बामगोलला. यंत्रात बामगोल नाहीच म्हणे. अगं, माझा जन्म तिथला, आणि म्हणे नाहीच!"

बामगोल धरणाच्या पाण्याखाली जाऊन चाळीस वर्षं होत आली. ही ग्वाक माल-सुन तिथली. गाव उठलं तेव्हा ती क्षयाच्या इस्पितळात पडून होती. बाप आधीच परगावी मेलेला, भाऊबहीण कुणी नाही. ज्या कबरींना वारस आला नाही, त्या धरणवाल्यांनी उकरून पलीकडच्या डोंगरावर नेल्या आणि प्रत्येकीवर आकडा घातलेला दगड रोवला. सेहेचाळीस दगड. त्यातला एक तिच्या आईचा. कुठला, ते गावच्या मुखियानं म्हाताऱ्यांना विचारून विचारून लिहून ठेवलं होतं. त्याच्या चार-दोन सायक्लोस्टाइल प्रती काढून एक आमच्या ग्रंथालयाला दिली होती.

"मग इतकी वर्षं आकडा विचारला नाहीत?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"डोंगर कुठे पळून जातोय, असं वाटायचं गं. दर वर्षी जायचे, सगळ्यांना मिळून दारू शिंपडायचे, डोकं टेकायचे. त्यातली एक आई असणारच की. आता निघाला ना डोंगर पळून!"

डोंगरावरून नवा रस्ता जाणार होता. मार्चअखेर लेखी पुरावा देऊन आपापलं माणूस न्या, नाहीतर उरलेल्या सगळ्यांना एकदम जाळून राख एकाच खड्ड्यात पुरू, अशी नोटीस लागली होती. मुखिया मेला होता, गावचे म्हातारे मेले होते, बाकीच्या प्रती कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"मला फक्त ते पान हवंय," ती म्हणाली. "आईला माझ्या नवऱ्याच्या कबरीशेजारी ठेवते. मग माझी जागा त्या दोघांच्या मध्ये."

ती गेली तशी मी पडद्यासमोर बसले. मा साहेबांची शिस्त मला ठाऊक होती. मुखपृष्ठावर जे छापलंय तेच पुस्तकाचं नाव, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. गावाचं नाव मुखपृष्ठावर नसेल तर ते जाणार कुठे? टीपेत! मी यंत्रणा उघडली, टीपेपुढे खूण केली, सगळ्या नोंदी पुन्हा वाचायला लावल्या. दुपारभर यंत्र घरघरत होतं. चार वाजता चौकटीत 'बामगोल' टाकलं.

एक नोंद आली. नाव: संकलित कागद, भाग तीन. टीप: बामगोल गावची घरे, विहिरी, हलवलेल्या कबरींची यादी. सद्यस्थिती: रद्द. तारीख आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरची.

तीन वर्षांत ज्या पुस्तकाला एकही वाचक मिळत नाही, त्याचं नाव आमच्याकडे रद्दच्या यादीत येतं. याला वाचक मिळणार कसा? ते सापडेल असा एकच रस्ता होता आणि तो मी बुजवला होता. यादीखाली सही माझी. चारशे नावांची यादी मी वाचलीसुद्धा नव्हती, देवाशपथ! रद्दीवाल्याला फोन केला. तो हसला. "बाई, नोव्हेंबरचा माल? त्याचे केव्हाच अंड्यांचे ट्रे झाले."

दुसऱ्या दिवशी म्हातारी हजर. मी म्हटलं, "शोधतेय, आजी. गोदाम मोठं आहे." तिसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगायला तोंड उघडायचं, तर ती पिशवीतून भाजलेलं रताळं काढून माझ्यापुढे ठेवायची. मग मी ते सोलत बसायचे. भित्री मेली मी, दुसरं काय! ती रोज बसनं डोंगरावर जाऊन यायची, त्या गुडघ्यांनी.

"सतरा नंबरशी माझे पाय आपोआप थांबतात," एकदा ती म्हणाली. "उन्हातली जागा आहे. पण पायांचं कोण ऐकतंय? कचेरीवाल्यांना कागद हवा."

मार्च संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी तिला म्हणाले, "सापडलं, आजी. सतरा."

ती माझ्या खोलीत फरशीवरच बसली. गुडघ्यांवर हात मारून मारून रडली. "बघ, बघ! माझे पाय खोटं बोलले नाहीत!" माझे दोन्ही हात तिनं आपल्या गालांना लावले. मी कोरड्या डोळ्यांनी ग्रंथालयाच्या कागदावर दाखला टाइप केला: आमच्या संग्रहातील नोंदीनुसार दगड क्रमांक सतरा. ब्योन साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता शिक्का उमटवला.

"कसलं आहे हे?" त्यांनी शिक्का पुसत विचारलं.

"कबरीचं."

"चला, ग्रंथालय कुणाच्या तरी कामी आलं," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

एप्रिलमध्ये डोंगर मोकळा झाला. उरलेल्यांची राख एका खड्ड्यात गेली. मी मनाला समजावत राहिले: सेहेचाळीसात एखादा आकडा बरोबरही येतो, आणि नसला आला तरी कुणाचं काय गेलं? बेवारसच तर होते सगळे.

जूनमध्ये सोक जोंग-उक नावाचा एक गृहस्थ आला. पन्नाशीचा, नीटनेटका, आवाजात जरासुद्धा चढ नाही. तो बुसानला राहणारा. वडील वारल्यावर त्यांचे कागद आवरताना त्याला नोटिशीचं कळलं, पण तोवर मुदत टळून गेली होती.

"जिल्हा कचेरीत म्हणाले, सतरा नंबर तुमच्या दाखल्यावर दुसऱ्या कुणी नेला," तो म्हणाला. "मी घरी बसून तुमच्या यंत्रात बामगोल शोधलं. लगेच मिळालं, चांगली सोय केलीत. पण पुस्तक नोव्हेंबरात रद्द झालं आणि दाखला मार्चमधला. मग बाई, दाखला लिहिलात तो कशात बघून?"

त्यानं पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला. तेच पान. वीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी आमच्याच यंत्रावर झेरॉक्स काढली होती, कोपऱ्यात आमचा शिक्काही होता. सतरासमोर लिहिलं होतं: सोक ग्यू-चान, लोहार. त्याचे आजोबा.

मी बोट खाली सरकवत नेलं. आमच्या खेड्यांत बाईला तिच्या नावानं कोण हाक मारतं? मुखियानंही गाव म्हणायचं तसंच लिहिलं होतं. एकतीस: माल-सुनची आई.

एकतीस खड्ड्यात गेला होता. पंधराजणांच्या, वीसजणांच्या राखेत कालवून.

"माझे आजोबा कुणाच्या घरी आहेत?" सोकनं विचारलं. "मला भांडायचं नाही. फक्त परत हवेत. फोन लावा."

मी लावला. दुसऱ्याच घंटेला तिनं उचलला.

"कोण, मी-रान? अगं, तुला शंभर वर्षं आयुष्य आहे, आत्ताच आईला तुझंच सांगत होते! आज भोपळ्याची पेज केली, तिच्यापुढे वाटी ठेवून आले. तिला काय आवडायचं ते मला मेलीला आठवत नाही बघ, पण खाल्ली असेल. तू जेवलीस का?"

"जेवले, आजी," मी म्हणाले.

सोकनं फोनसाठी हात पुढे केला.