छोटी तबकडी

डॉक्टरांनी घड्याळ पालथं करून सोन्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मग सुलटं धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. समोर बसलेल्या बाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

"किल्ली नका देऊ," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं बंद आहे ते."

"नाही देत, ताई."

डॉक्टर दातांचे. दवाखाना सुनेवर सोपवून ते जुन्या सोन्याच्या क्रोनोग्राफ घड्याळांच्या मागे लागले होते. वेळ दाखवता दाखवता, बटण दाबलं की वेगळा काटा सोडून शर्यतही मोजणारी घड्याळं. घरात एवढी घड्याळं आणि हा माणूस एक दिवस वेळेवर जेवायला येत नाही, असं बायको म्हणायची. हातातलं घड्याळ त्यांनी आजवर फक्त एका जुन्या यादीतल्या चित्रात पाहिलं होतं. असे मोजकेच नग निघाले होते. त्यातला एक पोहण्याच्या एका प्रशिक्षकांना त्यांच्या संस्थेने दिला होता, हे कळल्यापासून सहा वर्षं ते या घरी पत्रं पाठवत होते. परवा होकार आला. प्रशिक्षकांचं अर्धं अंग गेलं होतं, ते आतल्या खोलीत पडून असत. बाईंना आता त्यांना उचलवत नव्हतं. मदतीला कुणीतरी ठेवायचं होतं.

डॉक्टरांचा अंगठा सवयीने खालच्या बटणावर गेला. टक्. थांबलेला लांब काटा झेप घेऊन बारावर आला.

बाईंचा हात पुढे आला आणि तसाच राहिला.

"काय केलंत?"

"शून्यावर आणलं. बटण चालतं का, बघावं लागतं."

बाईंनी हात मागे घेतला. मग खालमानेनेच म्हणाल्या, "आमची मुलगी सराव करत होती. तिने सूर मारला तेव्हा यांनी तो काटा सोडला, आणि तिला वर काढल्यावर थांबवला. डोकं आपटलं होतं तिचं तळाला. चाळीस सेकंदांत सगळं संपलं. दोष तरी कुणाला देणार? त्यानंतर यांनी घड्याळाला कुणाला हात लावू दिला नाही. धूळ झटकताना मी काचेतून बघायचे. काटा चाळिसावर असायचा."

डॉक्टर ओशाळले. झालेलं निस्तरावं म्हणून त्यांनी घाईघाईने खिशातून पेन काढलं.

"आकडा माझ्या लक्षात आहे, ताई. लिहूनच देतो."

बाईंनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"अकरा मिनिटं कुठून आली? चाळीस सेकंद."

"लांब काटा नुसते सेकंद दाखवतो. त्याची एक फेरी झाली की या छोट्या तबकडीतला काटा एक घर पुढे जातो. तो अकरावर..."

डॉक्टर थांबले. पेनाचं टोपण त्यांना बसवता येईना.

"माझी नजर चुकली असेल," ते म्हणाले.

"चुकली का?"

डॉक्टरांनी पेन तसंच खिशात घातलं.

बाईंनी त्यांच्या हातातून घड्याळ उचललं आणि त्या आत गेल्या. दार उघडंच होतं. त्यांनी घड्याळ नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. चादरीतून एक हात बाहेर आला, काचेवर बोट टेकलं.

"पुसलं?" तोंडाच्या एका कडेने शब्द ओघळला.

"हो."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"त्याआधी डॉक्टरांनी वाचलं," बाई म्हणाल्या. "अकरा मिनिटं. कुठे होतात तुम्ही?"

डोळे उघडले नाहीत. बाई वाट बघत उभ्या राहिल्या. मग खाटेलगतची स्वतःची खुर्ची उचलून बाहेर आल्या. ती त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीपाशी ठेवली आणि घड्याळ डॉक्टरांपुढे धरलं.

"घेऊन जा."

नको म्हणावं, असं डॉक्टरांना वाटलं. पण हात आधीच रुमाल उलगडत होते. ठरलेलं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि घड्याळ गुंडाळून आतल्या खिशात घातलं.

ते चपला घालत होते तेवढ्यात आत काहीतरी पडलं. फुटलं नाही, नुसतं घरंगळत गेलं. पाठोपाठ हाक आली, अस्पष्ट, ओढलेली. डॉक्टरांनी वळून पाहिलं. बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत होत्या.

"जाताना दार ओढून घ्या," त्या म्हणाल्या.